आवाज बंद!

मी छत्तीस वर्षं मास्तरकी केली. या छत्तीस वर्षांत वर्गात मी सर्वांत जास्त वेळा उच्चारलेलं वाक्य कोणतं, असं कुणी विचारलं तर 'नेहमी खरे बोलावे' असं उत्तर द्यायला मला आवडेल. पण ते खरं होणार नाही. ते वाक्य दोनच शब्दांचं होतं : 'आवाज बंद!' टेबलावर डस्टर आपटायचं, खडूची धूळ उडायची आणि साठ पोरं एकदम देवळातल्या दगडी कासवासारखी गप्प व्हायची. त्या शांततेला मी इतकी वर्षं 'शिस्त' म्हणत आलो. आज वयाच्या पासष्टाव्या वर्षी मी त्याच वाक्याविरुद्ध दंड थोपटून उभा आहे. असं काय घडलं म्हणाल, तर एक गाडी घडली. आणि गाडी कुणाची म्हणाल, तर मेव्हण्यांची.

आमच्या हिचा हा धाकटा भाऊ पुण्याला असतो. मोठ्या हुद्द्यावरून जरा लवकरच निवृत्त झाला आणि फंडाचे पैसे हाती येताच त्यानं एक लांबलचक टेम्पो घेऊन त्याचं घर केलं. म्हणजे आत पलंग, शेगडी, फ्रीज, बेसिन, एवढंसं न्हाणीघर आणि वर एसी. 2021 साली आपल्या सरकारनं कॅरव्हॅन पर्यटनाचं धोरण जाहीर केलं, तेव्हापासून हे खूळ त्याच्या डोक्यात होतं. गेल्या एप्रिलात तुळजापूरची देवी, तेरचं वस्तुसंग्रहालय आणि ढोकीची बहीण अशी तिहेरी यात्रा योजून तो सहकुटुंब आमच्या दारात येऊन उभा राहिला. गाडीत सगळं स्वयंपाकघर असूनही मंडळी जेवायला आमच्याकडेच होती, हे जाता जाता नमूद करतो.

"दाजी, हे मोटरहोम," मेव्हणे म्हणाले. "घर चाकावर!"

मी कौतुक केलं. पण खरं सांगायचं तर ढोकीला चाकावरच्या घराचं अप्रूप नाही. दिवाळी झाली की ऊसतोडीची कुटुंबंच्या कुटुंबं बैलगाडीत नाहीतर ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत भांडी, गोधड्या, कोंबड्या आणि पोरं घालून कारखान्यांच्या वाटेला लागतात, ती आम्ही जन्मापासून बघतो. त्यांचंही घर चाकावरच असतं. फक्त ते हौसेनं निघालेले नसतात आणि त्यांच्या वरती एसी नसतो.

आता या गाडीतल्या विजेची थोडी हकिकत सांगावी लागेल, कारण सगळं महाभारत तिथंच आहे. गाडीत वीज येते ती मुख्यतः दोन वाटांनी. एक, जिथं मुक्काम असेल तिथल्या घरातून वायर ओढून. दुसरी, गाडीच्या पोटात बसवलेल्या छोट्या जनरेटरमधून. (शिवाय बॅटरी आणि इन्व्हर्टर असतात, पण ते बिचारे दिवा-पंखा चालवतात आणि कुणाच्या अध्यातमध्यात नसतात.) या दोन वाटांची एकमेकींशी गाठ कधीही पडता कामा नये. एकाच वेळी एकाच स्वयंपाकघरात नणंद आणि भावजय शिरल्या तर काय होतं हे संसारी वाचकांना ठाऊक आहे. विजेच्या बाबतीत त्याहून वाईट होतं. म्हणून मध्ये एक डबा बसवतात. त्याचं नाव चेंजओव्हर. घरची वीज आली की तो जनरेटरचं दार लावून घेतो, घरची गेली आणि जनरेटर सुरू झाला की घरचं दार लावून जनरेटरचं उघडतो. गाडीत हे काम आपोआप होतं. डब्यात दोन काँटॅक्टर असतात. ज्याला वीज मिळेल त्याची कॉइल लोहचुंबक होते, लोखंडी पट्टी खाली खेचते, 'खट्' होतं आणि दिवे लागतात.

आमच्या ओसरीतल्या प्लगापासून अंगणात उभ्या असलेल्या गाडीपर्यंत वीस-बावीस मीटर अंतर होतं. मेव्हण्यांची वायर अपुरी पडली. तेव्हा मी माळ्यावरून माझी वायर काढून दिली. यजमान म्हणून एवढं तरी करायला नको का?

त्या रात्री मेव्हण्यांनी मला गाडीत झोपायचा आग्रह केला. बायकामंडळी घरात, आम्ही दोघे गाडीत. एसी सुरू झाला. बाहेर एप्रिलाचा उकाडा आणि आत महाबळेश्वर! मी पांघरूण ओढून देवाचं नाव घेतो न घेतो तोच पलंगाखालून आवाज आला : घूंऽऽऽ. डब्यात भुंगा कोंडून ठेवावा तसा. मधूनच कुणीतरी शेजारी बोअरची मोटार सुरू केली की तो भुंगा चवताळायचा आणि तड्तड्तड् करून डब्याला धडका द्यायचा.

"हे काय?" मी विचारलं.

"चेंजओव्हर आहे. तुळजापूरपासनं थोडी कुरकुर करतोय. इथं आल्यावर जरा वाढलीय. थांबा, आवाज बंद करतो."

पाहा, दोनच शब्द! मेव्हण्यांनी पलंगाची फळी उचलली. खिडकीत एक लग्नपत्रिका पडली होती, चांगली जाड, सोनेरी गणपतीची. तिची चौपदरी घडी घालून त्यांनी ती डब्यातल्या थरथरणाऱ्या भागावर दाबून बसवली आणि झाकण लावलं. भुंगा मेला. मी मेव्हण्यांना शाबासकी दिली आणि सकाळपर्यंत गाढ झोपलो. हे मुद्दाम सांगतो, कारण पुढं मी फार शहाण्यासारखं बोलणार आहे.

सकाळी हिनं चहा देताना विचारलं, "अहो, रात्री काहीतरी करपल्यासारखा वास येत होता का हो? कडब्याच्या बाजूनं?"

"कुणाची तरी चूल असेल," मी म्हणालो.

"पहाटे तीन वाजता?"

"मग बंब असेल. तुझं आपलं काहीतरीच!"

झालं. दुसरा आवाजही बंद केला. याला मात्र लग्नपत्रिकासुद्धा लागली नाही.

आठाच्या सुमाराला पत्रिका घसरली आणि भुंगा पुनर्जन्म घेऊन आला. तोपर्यंत घरगाडी बघायला निम्मी आळी जमली होती. आपल्याकडे आजारी माणूस आणि बिघडलेलं यंत्र यांना सल्ल्याचा तुटवडा कधी पडत नाही. गिरणीवाले म्हणाले, "गुर्जी, कापूस कोंबा. माझ्या पंख्याला मी तेच केलंय." माझा एक जुना विद्यार्थी, आता मोबाइलचं दुकान चालवतो, तो म्हणाला, "सर, चिकटवून टाकू. हलायलाच नको, मग वाजंल कसं?" हा गणितात पस्तीसवर पास झाला होता. एका शेतकरीबुवांनी सांगितलं, "आमच्या मोटारीच्या स्टार्टरला आम्ही काडी खोचताव. सुटतच न्हाई." आणखी एकानं एक लाथ घालून बघा म्हणून सुचवलं. तिला निदान मेहनत तरी पडते.

सगळ्यांत कळस केला तो पाचव्या गृहस्थांनी. ते म्हणाले, "कशाला ठिवलाव हे डबडं? काढून टाका. वायरीला दोन्हीकडनं प्लग लावा. लाईट गेली की जनरेटरचा एक प्लग घरच्या बोर्डात घालायचा. सगळं घर उजळतंय. आमच्या पाव्हण्याकडं हायेच तसं."

वाचकहो, एवढ्या मंडळींत एकानं तरी 'हे का वाजतंय?' असं विचारावं की नाही? नाही विचारलं. मीही नाही आणि पुण्याच्या इंजिनिअर मेव्हण्यांनीही नाही. सगळ्यांचा प्रश्न एकच : हे गप्प कसं बसेल?

आपण असेच आहोत. प्रेशर कुकरच्या शिट्टीला ओलं फडकं गुंडाळणारी गृहिणी मी पाहिली आहे. स्कूटरचं सायलेन्सर खडखडायला लागलं की ऐकू येऊ नये म्हणून रेडिओ मोठा करणारे, आता कानात बोंडं घालणारे, महाभाग पाहिले आहेत. गाडीच्या काचेपुढं लाल दिवा पेटला तर त्यावर देवाचा स्टिकर चिकटवणारा ड्रायव्हर तर माझ्या शेजारी बसून मला सोलापूरला घेऊन गेला. सोलापूरच्या अलीकडं गाडी बंद पडली तेव्हा त्यानं देवालाच दोष दिला. सभेत कुणी प्रश्न विचारला तर अध्यक्ष म्हणतात, 'बसा खाली.' म्हातारा कण्हायला लागला तर सून म्हणते, 'झोपा आता.' आणि या सगळ्याला आपण मोठ्या अभिमानानं 'जुगाड' म्हणतो, जगाला सांगतो, त्यावर भाषणं देतो. मी म्हणतो, अर्धा जुगाड म्हणजे तक्रारीच्या तोंडात कोंबलेला बोळा. दुसरं काही नाही.

शांततेचं कौतुक तर ढोकीला कुणी सांगूच नये. इथल्या तेरणा कारखान्याच्या भोंग्यावर आमच्या शाळेची घड्याळं लागायची. 'केवढा हा गोंगाट!' म्हणून मी कैकदा करवादलो असेन. मध्ये बरीच वर्षं कारखाना बंद पडला. धुराडं गप्प, भोंगा गप्प, रस्त्यावर ट्रॉल्यांची रांग नाही. अशी शांतता, की टाचणी पडली तर ऐकू यावी. त्या शांततेत गावातल्या दुकानदारांना झोप लागत नव्हती.

असो. गाडीकडं वळू. शेवटी हिनंच निरोप धाडून अण्णांना बोलावलं. अण्णा म्हणजे निवृत्त लाईनमन. सगळी हयात खांबावर गेली, आता जमिनीवर राहायची सवय करतायत. खाकी पिशवीत एक टेस्टर, एक मीटर, एक पक्कड. आल्या आल्या ते डबा उघडतील म्हणून आम्ही फळी उचलून तयार उभे. पण अण्णा गाडीच्या पायरीवर बसले, डोळे मिटले आणि नुसते ऐकत राहिले. दोन मिनिटं गेली. मेव्हण्यांनी घड्याळ बघितलं.

"पुण्यात वाजत व्हतं का?" अण्णांनी विचारलं.

"नाही."

"मग गाडीवर कशाला चिडायलाव? एसी बंद करा बरं."

एसी बंद केला. घूंऽऽऽ चा आवाज एकदम खाली आला, नुसती कुरकुर राहिली. पुन्हा लावला, पुन्हा गुरगुर. अण्णांनी मान हलवली.

मला एकदम आमची 'बार्शी लाईट' आठवली. आता लाईन रुंद झाली. पण माझ्या लहानपणी ढोकीवरून अडीच फुटी रुळांची, लुटुपुटीची वाटावी अशी आगगाडी जायची. 1897 साली ती कुर्डुवाडीकडून बार्शीपर्यंत आली आणि 1911 साली लातूरला पोचली, हे आम्हाला तोंडपाठ होतं. तर रेल्वेत एक माणूस असे. गाडी थांबली की हातोडी घेऊन तो चाकामागून चाक ठोकत जायचा : टण्, टण्, टण्. एखादं चाक 'टण्' न म्हणता 'थड्' म्हणालं की तो थांबे. चीर गेलेलं चाक खणखणत नाही. डोळ्याला न दिसणारी चीर तो कानानं बघायचा.

आणि रेल्वेपर्यंत तरी कशाला जा? तेर इथून हाकेच्या अंतरावर. गोरोबाकाका तेरचे. मुक्ताईनं विचारलं, हे काय? काका म्हणाले, थापटणं; मडकं कच्चं की भाजलेलं ते यानं कळतं. मग इथं जमलेली मडकी तरी बघा, म्हणाली. काकांनी संतांच्या डोक्यावर थापटणं मारत मारत परीक्षा घेतली, ती गोष्ट ठाऊक नाही असा मराठी माणूस नाही. नामदेव तेवढे कुरकुरले आणि 'हे मडकं कच्चं' असा निकाल झाला. इतकी वर्षं मी ही गोष्ट मुलांना सांगताना तात्पर्य सांगायचो : 'म्हणून कुरकुरू नये.' काय हे माझं शिक्षण! अहो, गोरोबांनी नामदेवांना 'आवाज बंद!' असं कुठं म्हटलं? त्यांनी आवाज ऐकला आणि कुठं कच्चं आहे ते सांगितलं. नामदेव तिथून उठले ते विसोबा खेचरांकडं गेले. कुरकुर दाबली असती तर मडकं कच्चंच राहिलं असतं आणि वर सगळे म्हणाले असते, काय शांत मडकं आहे!

हे तात्पर्य मला पासष्टाव्या वर्षी, एका टेम्पोच्या पायरीशी सुचलं.

अण्णांनी मग आधी सगळे पुरवठे तोडायला लावले. ओसरीतला प्लग काढला, जनरेटर बंद, इन्व्हर्टर बंद. टेस्टर आणि मीटर दोन्ही लावून खात्री केली. "हितं दोन वाटांनी वीज येती. एक तोडून हात घालणाऱ्याला दुसरी पकडती," म्हणाले आणि मग झाकण काढलं. आतून सोनेरी गणपती बाहेर आला. अण्णांनी पत्रिका उलगडून वाचली, तारीख बघितली, म्हणाले, "लगीन झालंय की. आता ह्येचं काय काम हितं?" मेव्हणे आकाशातले ढग बघू लागले. एप्रिलात ढग नव्हते.

"ह्ये खेचायचं काम करतंय तसं सोडायचं बी काम करतंय," अण्णा पत्रिका झटकत म्हणाले. "वीज गेली का त्येनं सुटलं पाहिजे. तुम्ही दाबून धरलाव. मग त्येनं सुटायचं कसं?"

आता तो भुंगा म्हणजे काय हे अण्णांनी मला जसं समजावलं तसं सांगतो. आपल्या घरची वीज सरळ वाहत नाही, सेकंदाला पन्नास वेळा मागंपुढं हेलकावते. त्यामुळं चुंबकाचा जोर सेकंदाला शंभर वेळा शून्यावर येतो. शंभर वेळा पट्टी सुटायला बघते आणि शंभर वेळा ओढली जाते. तसं होऊ नये म्हणून चुंबकाच्या तोंडावर तांब्याची एक बारीक कडी बसवलेली असते. मुख्य जोर ओसरला की ती कडी किंचित मागून आपला जोर लावते, म्हणजे पकड कधीच पूर्ण सुटत नाही. गाडा ओढताना एका बैलानं दम घेतला तर दुसऱ्यानं जू धरावं तसं. पण तोंडावर धूळ-गंज बसला, कडी तुटली किंवा विजेचा दाबच कमी पडला, की पट्टी धड चिकटत नाही नि धड सुटत नाही. ती थरथरते. तो थरथराट म्हणजे घूंऽऽऽ. दाब आणखी पडला की पट्टी आपटायलाच लागते, ठिणग्या उडतात, टोकं जळतात. तो तड्तडाट.

चुंबकाच्या तोंडावर रस्त्याची बारीक धूळ बसली होती. अण्णांनी कोरड्या फडक्यानं ती पुसली, स्क्रू आवळले, तांब्याची कडी शाबूत आहे हे बघितलं. पुन्हा वीज जोडली. आवाज निम्म्यावर आला.

"वा!" मेव्हणे म्हणाले. "धुळीचाच दोष होता. चला, झालं!"

मीही चहा सांगायला वळलो. निम्मा आवाज गेला की निम्मं कुतूहल जातं, आणि बहुतेक दुरुस्त्या तिथंच थांबतात. पण अण्णा पायरीवरून उठले नाहीत. त्यांनी मीटर काढला. एसी चालू ठेवून ओसरीतल्या प्लगावर मोजलं : 210 व्होल्ट. गाडीत चेंजओव्हरवर मोजलं : 184.

"असलं काँटॅक्टर 230 च्या शेकडा पंच्याऐंशीपर्यंत नीट वढायचं बोलतंय. म्हंजी 195. त्याच्याखाली त्येनं कुरकुर करायची न्हाई तर काय आरती म्हणायची? सव्वीस व्होल्ट मधीच कुठं गेले, गुर्जी?"

मधे माझी वायर होती.

तेवढ्यात ते पाचवे गृहस्थ पुन्हा म्हणाले, "म्हणून म्हणतो, डबडं काढा आन् दोन्हीकडनं प्लग लावा—"

अण्णांनी काही न बोलता डावा हात पुढं केला. करंगळी आणि तिच्याशेजारचं बोट नव्हतं. मी त्यांना पंचवीस वर्षं ओळखतो; पण ते कशानं गेलं हे कधी विचारलं नव्हतं. लाईनमन म्हटल्यावर तेवढं चालायचंच, असं मनाशी धरून चाललो होतो.

"लाईन बंद केलती," अण्णा म्हणाले. "मीच केलती. खांबावर चढलो. खाली एका वाड्यात कार्य व्हतं. त्येनला अंधार नको व्हता. जनरेटरचा प्लग घरच्या बोर्डात घातला. त्यांच्या घरात उजेड पडला, तसा तारंवर बी आला."

कुणी काही बोललं नाही. घरच्या बोर्डात घातलेली वीज घरापुरती राहत नाही, मेन स्विच उघडा नसेल तर ती उलट्या पावली खांबाकडं निघते. आणि डीपी दोन्हीकडून सारखाच काम करतो. अकरा हजार व्होल्टचे घरगुती करतो, तसे घरगुतीचे पुन्हा अकरा हजारही करतो. त्या डबड्याचं खरं काम गाडीला वीज देणं हे नव्हेच. वर चढलेल्या, आपल्याला न दिसणाऱ्या माणसाच्या वाटेत दार लावून उभं राहणं हे त्याचं काम. ते वाजत होतं म्हणून आम्ही सकाळपासून त्याला फेकून द्यायला निघालो होतो.

पाचवे गृहस्थ हळूच उठून गेले. बहुधा पाव्हण्याकडं गेले असावेत. गेले असतील तर बरं.

अण्णा वायर हातात धरून चालू लागले. वीज बंद करून, वायर चाचपत चाचपत, ओसरीपासून गाडीकडं. मी मागं. कडब्याच्या गंजीशी आल्यावर ते थांबले. गंजी चांगली दोनशे पेंढ्यांची, एप्रिलातली, नुसती ठिणगी दाखवली तर धडाडेल अशी वाळलेली. वायर तिच्या बुडातून गेली होती. अण्णांनी एक पेंढी बाजूला केली आणि बोट झटक्यानं मागं घेतलं.

तिथं सांधा होता. दोन वायरी नुसत्या पिळून, वर चिकटपट्टी गुंडाळलेला. पट्टी वितळून काळी पडली होती. पेंढीच्या टोकाची दहाबारा ताटं तपकिरी झाली होती. गोधडीला इस्त्री जास्त वेळ ठेवल्यावर होते तशी. अजून जळली नव्हती.

"कच्चा सांधा," अण्णा म्हणाले. "एसी वढतंय सहा-सात अँपिअर. सांध्यातच धा-पंधरा व्होल्ट खायला लागलं तर हितं शंभर वॉटचा बल्ब लावून ठिवल्यावानी झालं की. कडब्यात. रातभर. कुणी केलता ह्यो सांधा?"

पाच-सहा वर्षांपूर्वी आळीच्या गणपतीला रोषणाई कमी पडत होती. वायर दोन हात तोकडी होती. एका उत्साही माणसानं दातानं प्लास्टिक सोलून, पीळ देऊन, चिकटपट्टी लावून 'हाय काय अन् नाय काय' म्हणत जोड दिला होता. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या होत्या. त्या उत्साही माणसाचं नाव मी इथं देत नाही; वाचकांना तो भेटलेला आहे.

म्हणजे बघा, ते चेंजओव्हर काल रात्रीपासून आम्हाला काय सांगत होतं? 'वाटेत कुठंतरी वीज गळतेय, मला पुरी मिळत नाही, बघा.' आणि आम्ही त्याच्यावर सोनेरी गणपती दाबून बसवला आणि गंजीपासून पंधरा पावलांवर, दार लावून, गार हवेत झोपी गेलो. हिनं वास आल्याचं सांगितलं, तर तिलाही गप्प केलं.

त्या क्षणी मला एक मुलगा आठवला. नाव सांगत नाही. सातवीत होता, शेवटच्या बाकावर. मी फळ्याकडं पाठ वळवून लिहायला लागलो की मागं कुजबुज सुरू. मी त्याला उठवायचा, ओरडायचा, वर्गाबाहेर उभा करायचा. 'आवाज बंद!' वर्षभर चाललं. शेवटी तो गप्प झाला. मला वाटलं, सुधारला. वार्षिक परीक्षेत नापास झाला तेव्हा त्याची आई शाळेत आली. म्हणाली, पोराला लांबचं दिसत नव्हतं हो. फळ्यावर काय लिहिलंय ते शेजारच्याला विचारायचा. तुम्ही रागावता म्हणून विचारायचं सोडलं. चष्मा लागला, वर्ष गेलं. मी त्या वेळी 'आधी सांगायचं नाही का?' असं म्हणालो होतो. अहो, तो वर्षभर दुसरं काय करत होता?

संध्याकाळी अण्णा बाजारातून चार चौरस मिलिमीटरची, तीन तारांची अखंड केबल घेऊन आले. मधे सांधा नाही, अर्थिंगची तार वेगळी. ती गंजीला वळसा घालून आणली. एसी लावला. चेंजओव्हरवर 208 व्होल्ट भरले. मी पलंगाखाली कान लावला. अगदी बारीक, मांजराच्या घुरघुरीएवढा आवाज येत होता.

"अजून थोडा येतोय, अण्णा."

"तेवढा असतोयच, गुर्जी. लोखंड हाय, वीज हाय. वाढला तर मातर बोलवा. आन् एकदमच थांबला तर पळत या."

पैसे द्यायला लागलो तर अण्णांनी केबलचे तेवढे घेतले. जाताना ती जुनी वायर गुंडाळून काखेत मारली. म्हणाले, "ही मी नेतो. तुमच्याकडं ठिवली तर गणपतीला परत निघंल."

मेव्हणे तिसऱ्या दिवशी तेरला गेले. जाण्यापूर्वी त्यांनी डब्याच्या झाकणाच्या आतल्या बाजूला एक चिठ्ठी चिकटवली : 'वाजल्यास आधी व्होल्टेज मोजावे.' इंजिनिअर माणूस. एकदा कळलं की लिहून ठेवतो.

गाडी गेल्यावर मी ओसरीवर बसून हा सगळा विचार हिला ऐकवत होतो. आवाज दाबू नये, कुरकुर ऐकावी, तक्रार म्हणजे घराची राखण, वगैरे. माझ्या आवाजाला अगदी वर्गातली धार आली होती. ही शेंगा निवडत शांतपणे ऐकत होती. मग उठायला लागली, उठताना तिचा गुडघा 'कट्' करून वाजला.

"ऐकलंत?" ही म्हणाली. "दोन वर्षं वाजतोय. दर वेळी सांगते. दर वेळी तुम्ही म्हणता, वय झालं, बाम लाव आणि गप्प बस."

मी तोंड उघडलं. मग मिटलं. दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीनं आम्ही लातूरला हाडांच्या डॉक्टरकडं गेलो.